विजेचे भागधारक



वीज कंपन्यांची गुंतवणूक हा विषय वसंतातल्या संध्याकाळी अंमळ रूक्ष वाटेल, याची आम्हांला कल्पना आहे. भागभांडवल, व्याज, लाभांश ही भाषा पेढीवरची. ती व्यासपीठावर कशाला, असे कोणी म्हणेल. पण आज या मंडपात जो दिवा जळतो आहे, त्याच्यामागे कोणीतरी पैसा घातला आहे, कोणीतरी श्रम घातले आहेत आणि कोणीतरी जमीन घातली आहे. पैसा घालणाराचे नाव कंपनीच्या वहीत असते. जमीन घालणाराचे नाव कोठे असते? या एका प्रश्नासाठी आम्ही हा विषय निवडला. त्याला उदाहरण आपल्याच सह्याद्रीतले, टाटांच्या वीज कंपनीचे घेतले आहे. कारण शंभर वर्षांचा जमाखर्च तेथे एकाच जागी पाहावयास मिळतो.

विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईच्या गिरण्या कोळशावर चालत. कोळसा दूरच्या खाणींतून यावयाचा, त्याचा खर्च मोठा आणि धूर त्याहून मोठा. इकडे घाटमाथ्यावर दर पावसाळ्यात अपरंपार पाणी कोसळत होते. ते अडवून कड्यावरून खाली सोडावे आणि त्या जोरावर चाके फिरवावीत, हा विचार जमशेटजी टाटांच्या मनाने घेतला. ते १९०४ साली निवर्तले. पण कल्पना मागे राहिली. १९१० साली कंपनी स्थापन झाली, १९११ साली लोणावळ्यास धरणाची कोनशिला बसली आणि १९१५ साली खोपोलीचे वीजघर सुरू झाले. सुमारे सतराशे फूट उंचीवरून पाणी नळांतून खाली येते, ही त्या काळी जगात गाजलेली गोष्ट होती. भांडवल उभे केले ते प्रामुख्याने या देशातील संस्थानिकांनी आणि व्यापाऱ्यांनी. परदेशी सावकाराच्या दारी न जाता एवढे काम उभे राहिले, याचा अभिमान आपण अवश्य बाळगावा.

पुढे १९२२ साली भिवपुरी आणि १९२७ साली भिरा अशी आणखी दोन वीजघरे आली. आज या सर्वांची मिळून क्षमता ४४७ मेगावॅट आहे. शंभर वर्षे होऊन गेली तरी ती चाके फिरतात. पाऊस दरवर्षी पडतो, म्हणून इंधन दरवर्षी नवे. ज्याला आज नवीकरणीय ऊर्जा म्हणतात, ती मुंबईला ठाऊक होऊन शतक उलटले आहे.

पण श्रोतेहो, खोपोलीला वीज तयार झाली म्हणून परळची गिरणी चालत नाही. मधले अंतर चाळीस मैलांहून अधिक. ते तोडण्यासाठी डोंगर, खाडी, शेते ओलांडून एक लाख व्होल्ट दाबाची तार ओढावी लागली. आपल्याकडे म्हण आहे, आडातच नाही तर पोहऱ्यात कोठून येणार. विजेच्या धंद्यात ही म्हण उलटी करून वाचावी लागते: आडात भरपूर आहे, पण पोहरा आणि दोर नाही, तर तहानेलेल्याच्या उपयोगाचे काय? धरणाचे उद्घाटन थाटाने होते, तारेचे सहसा होत नाही. ती तुटल्यावरच तिची आठवण येते. १२ ऑक्टोबर २०२० रोजी वीजवाहिन्या बंद पडल्या आणि मुंबईच्या लोकलगाड्या जागच्या जागी थांबल्या, तेव्हा वीजघरे कमी पडली नव्हती. दोर तुटला होता.

हा झाला जमेचा भाग. आता खर्चाकडे वळू.

भिऱ्याच्या वीजघराला पाणी हवे, म्हणून मुळशी खोऱ्यात नीला आणि मुळा यांच्या संगमाजवळ धरण बांधावयाचे ठरले. त्याखाली पन्नासच्या आसपास गावे आणि मावळ्यांची पिढीजात भातशेती जात होती. १८९४ च्या भूसंपादन कायद्याचे बळ सरकारने खासगी कंपनीच्या पाठीशी उभे केले. १९२१ च्या रामनवमीस सत्याग्रह सुरू झाला. विनायकराव भुस्कुटे, पांडुरंग महादेव बापट ही मंडळी पुढे झाली. ‘जान किंवा जमीन’ ही मावळ्यांची घोषणा होती. बापटांना ‘सेनापती’ हे नाव याच लढ्याने दिले आणि तुरुंगही याच लढ्याने दिला. १९२४ च्या अखेरीस लढा संपला आणि धरण पुरे झाले.

या लढ्यातील एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवण्यासारखी आहे. खोऱ्यातील पुष्कळ जमिनी पुण्याच्या सावकारांकडे अडकलेल्या होत्या. मोबदल्याचा भाव वाढवून मिळताच सावकारांचा विरोध मावळला. त्यांना जमिनीचे मोल रुपयांत कळत होते. कसणाराला ते रुपयांत कळत नव्हते, कारण त्याचे सगळे जगणेच तेथे होते. मोबदला दिला गेला, हे खरे. पण तो कोणाच्या हातात पडला आणि ज्याचे घर बुडाले तो पुढे कोठे गेला, हा प्रश्न ताळेबंदात येत नाही.

आणखी एक घटक आहे, तो म्हणजे पाणी. इंद्रायणी, आंध्रा, मुळा या नद्या पूर्वेकडे भीमेला मिळणाऱ्या. त्यांचे अडवलेले पाणी वीज करून पश्चिमेला, कोकणात उतरते. खाली भीमेच्या काठी दुष्काळ पडला, की या पाण्याची आठवण निघते. म्हणजे सोलापूरकडचा शेतकरीही, त्याला कोणी न विचारता, या उद्योगाचा भागधारकच झाला आहे.

आता कोणी म्हणेल, ही जुनी उणीदुणी कशासाठी? तर त्यासाठी, की तीच वही पुन्हा उघडली जात आहे. सूर्यापासून वीज करणे आता स्वस्त झाले आहे. पण सूर्य संध्याकाळी मावळतो आणि दिवे तर त्याच वेळी लागतात. वाराही आपल्या मर्जीचा. म्हणून दुपारची वीज साठवून रात्री वापरण्याची सोय लागते. दोन तळी, एक वर, एक खाली. दुपारी स्वस्त विजेने पाणी वर चढवावयाचे आणि रात्री खाली सोडावयाचे. शंभर युनिटे घातली, तर पंचाहत्तर-ऐंशी परत मिळतात. हा व्यवहार तोट्याचा दिसला तरी अडीअडचणीचा आहे. सुगीत कणगी भरतो त्यापैकी काही उंदीर खाणारच, म्हणून कोणी कणगी ठेवण्याचे सोडत नाही. भिऱ्यास असा एक संच १९९० च्या दशकापासून आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये टाटा पॉवरने महाराष्ट्र सरकारशी करार केला तो शिरवता येथे १८०० आणि भिवपुरी येथे १००० मेगावॅटच्या अशाच प्रकल्पांसाठी. रक्कम सुमारे तेरा हजार कोटी रुपये. पुन्हा तोच सह्याद्री, तीच खोरी.

साठवणीइतकीच तारेचीही गरज आहे. सौरऊर्जेचे केंद्र लवकर उभे राहते, तार मागाहून येते. २०२५ साली राजस्थानात वाहून नेण्यास तारा अपुऱ्या पडल्या, म्हणून तयार होऊ शकणारी वीज अनेकदा तशीच सोडून द्यावी लागली. तारेत घातलेला पैसा वाया जात नाही, याचे उदाहरण दिल्लीत आहे. २००२ साली उत्तर दिल्लीचे वितरण याच कंपनीच्या भागीदारीकडे आले, तेव्हा निम्म्याहून अधिक विजेचा पैसा वसूल होत नव्हता. गळती ५३ टक्के. तारा, रोहित्रे, मीटर बदलले, हिशेब चोख ठेवला, तेव्हा ती दहा टक्क्यांच्या आत आली. एकही नवे धरण न बांधता जणू नवे वीजघर हाती आले.

पण तारेचा पैसा अखेर कोण भरतो? कंपनी प्रथम भरते, हे खरे. परंतु वीज नियामक आयोग तो खर्च आणि त्यावरील ठरावीक परतावा ग्राहकाच्या दरात बसवून देतो. तेव्हा बिल भरणारा प्रत्येक गृहस्थ हा गुंतवणूकदारच आहे. कंपनीच्या भागधारकाला वार्षिक सभेत बोलता येते. ग्राहकाला आयोगाच्या जनसुनावणीत बोलता येते. पहिल्या सभेला लोक जातात, दुसरीला फारसे जात नाहीत. हा दोष कायद्याचा नव्हे, आपला.

आणि ज्याच्या शेतात मनोरा उभा राहतो, त्याचे काय? त्याची जमीन संपादितही होत नाही. मालक तोच राहतो, फक्त डोक्यावर तार येते आणि झाड लावता येत नाही, घर बांधता येत नाही. २०१५ साली केंद्राने मनोऱ्याच्या पायाखालील जागेसाठी जमिनीच्या किमतीच्या ८५ टक्के भरपाई सुचवली. जून २०२४ मध्ये ती २०० टक्के आणि तारेखालच्या पट्ट्यासाठी ३० टक्के सुचवली. ही सुधारणा स्वागतार्ह आहे. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने खासगी कंपनीसाठी जमीन घेताना बाधित कुटुंबांपैकी ऐंशी टक्क्यांची संमती आवश्यक केली, तीही. मुळशीच्या मावळ्यांना यातले काहीच मिळाले नव्हते. त्यांच्या हट्टाचे फळ पुढच्या पिढ्यांना मिळते आहे, असे आम्ही म्हणतो.

तरीही एकरकमी भरपाई आणि भागीदारी यांत अंतर आहे. एकरकमी पैसा लग्नात, आजारपणात, कर्जफेडीत जातो. तार मात्र पन्नास वर्षे राहते. जमिनीवर वर्षानुवर्षे उत्पन्न काढावयाचे असेल, तर जमीन देणारालाही वर्षानुवर्षे वाटा असावा, हे आमचे आजचे मागणे आहे. भाडेपट्टा असो, भाग असो, वा त्या गावाला स्वस्त वीज असो. रूप कोणतेही चालेल, पण वहीत नाव हवे.

वीज नको, असे आम्ही म्हणत नाही. कोळशाचा धूर कमी व्हावा, सूर्य-वारा-पाणी यांवर देश चालावा, हे आम्हांलाही हवे आहे आणि त्यासाठी पैसा मोकळ्या हाताने घातला पाहिजे. आमचे म्हणणे एवढेच, की वही तीन रकान्यांची असावी: पैसा कोणी दिला, दर कोण भरतो, जमीन कोणाची गेली. शंभर वर्षांपूर्वी तिसरा रकाना कोरा राहिला. तो या वेळी आधी भरावा आणि मगच कोनशिला बसवावी, एवढे सांगून आम्ही आपली रजा घेतो.