खुर्ची आपली, मर्जी त्यांची

(युवक शिबिरातल्या भाषणाचा मजकूर)



सकाळपासून इथं सत्ता, व्यवस्था, क्रांती असे मोठमोठे शब्द झाले. मी एका बारक्या गोष्टीवर बोलणार आहे. महामंडळाच्या संचालक मंडळावर. हसू नका. ज्यांच्या घरात रिक्षासाठी, शिलाई मशीनसाठी, किराणा टपरीसाठी महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळाचा फॉर्म भरला गेलाय त्यांना माहीत आहे, हे प्रकरण जातीच्या दाखल्यापासून सुरू होतं आणि जामीनदार मिळत नाही तिथं मरतं. मधे कोण बसलंय, कोण ठरवतंय, हे आपण कधी विचारलं नाही.

हे महामंडळ 1978 सालचं. कंपनी कायद्याखाली नोंदलेलं. नीट ऐका, कंपनी. भांडवलाची वाटणी राज्य 51 टक्के, केंद्र 49 टक्के. ज्या अनुसूचित जातींच्या आणि नवबौद्धांच्या नावानं हे दुकान उघडलं, त्यांचा त्यात एक शेअर नाही. कंपनीत मालक संचालक नेमतो. इथं मालक सरकार, म्हणून नेमणार सरकार. काही पदसिद्ध अधिकारी, एक व्यवस्थापकीय संचालक, तोही सरकारी अधिकारी. मग अध्यक्ष आणि अशासकीय सदस्य. त्यांची नावं मंत्रालयातून येतात, आणि मंत्रालयात ती पक्षाच्या कार्यालयातून येतात. ज्याला तिकीट दिलं नाही त्याची समजूत, ज्याला मंत्री केलं नाही त्याला गाजर. अध्यक्षाला राज्यमंत्र्याचा दर्जा मिळाला की गावात बॅनर लागतो. लाल दिवा 2017 मध्ये गेला, दर्जाची हाव काही गेली नाही.

आणि ह्या नेमणुका मर्जी असेपर्यंतच्या. 2022 मध्ये सरकार बदललं तेव्हा आधीच्या सरकारनं केलेल्या अशा नेमणुका धडाधड रद्द झाल्या. काम वाईट केलं म्हणून कुणी काढलं नाही, वरचा साहेब बदलला म्हणून काढलं. आता गंमत बघा. 2013 चा कंपनी कायदा म्हणतो, संचालकानं स्वतंत्र बुद्धीनं निर्णय घ्यावा. स्वतंत्र बुद्धी! ज्याला एका सकाळी एका कागदानं घरी पाठवता येतं त्यानं स्वतंत्र बुद्धी आणायची कुठून? च्यायला, पगारी शिपायालासुद्धा काढायच्या आधी नोटीस द्यावी लागते.

आमदारच अध्यक्ष झाला तर? घटनेचं कलम 191 सांगतं की सरकारकडून लाभाचं पद घेतलं तर आमदारकी जाते. सरकारच्या उपकाराखाली असलेला माणूस सरकारला जाब कसा विचारेल, हा त्यामागचा साधा विचार. पण त्याच कलमात पळवाट आहे: विधिमंडळानं कायदा करून एखादं पद सूट दिलेलं जाहीर करावं. मग सुटीच्या याद्या लांबत जातात. 2006 मध्ये जया बच्चन यांची राज्यसभेची जागा अशाच एका परिषदेच्या अध्यक्षपदामुळं गेली, आणि त्याच वर्षी संसदेनं कायदा बदलून कितीतरी पदांना मागल्या तारखेपासून सूट देऊन टाकली. असो. ह्यात अडकून पडू नका.

बैठकीचं बघा. कायद्यानं वर्षात किमान चार बैठका, दोन बैठकांत 120 दिवसांहून जास्त अंतर नको. कोरम एक तृतीयांश. म्हणजे बारा संचालकांचं मंडळ असेल तर चार जण जमले की कारभार चालू. ते चारही अधिकारी असले तरी चालतं. त्यातही वेळ नसेल तर फिरता ठराव. फाईल टेबलाटेबलावर फिरते, सह्या होतात, तोंडानं कुणी काही बोलत नाही, ठराव पास. कर्जदार ह्यात कुठं आहे? कुठंच नाही. तो बाहेरच्या बाकावर बसलाय, साहेब मीटिंगमधी आहेत म्हणून.

हिशेबाचं तर विचारूच नका. सरकारी कंपनीचा लेखापरीक्षक कॅग नेमतो, अहवाल विधिमंडळापुढं ठेवावा लागतो. कायदा चांगला आहे. पण कॅगचेच अहवाल उघडा, सरकारी उपक्रमांचे हिशेब वर्षानुवर्षं थकलेत ही तक्रार पुन्हा पुन्हा दिसते. हिशेब थकला म्हणून मंडळ बरखास्त झाल्याचं मी तरी ऐकलं नाही. आपल्या पोराचा एक हप्ता थकला की जामीनदाराच्या दारात माणूस येतो.

अण्णाभाऊंच्या नावाच्या महामंडळाचं काय झालं ते आठवा. मातंग समाजासाठी 1985 मध्ये काढलेलं. माजी अध्यक्ष, आमदार माणूस, शेकडो कोटींच्या गैरव्यवहाराच्या आरोपाखाली 2015 मध्ये अटकेत गेला. न्याय कोर्ट करील. पेपरांनी एका माणसाचा फोटो छापला आणि विषय संपवला. माझा प्रश्न वेगळा आहे. मंडळ कुठं होतं? सरकारचे प्रतिनिधी कशासाठी बसवले होते? आणि भोगलं कुणी? कर्जयोजना ठप्प झाल्या त्या मातंग पोरांच्या.

कुणी म्हणेल, आपला माणूस अध्यक्ष बसला की झालं. दोस्तांनो, आपलेच बसवतात. चळवळीतली किती माणसं ह्या खुर्च्यांत बसून गप्प झाली ते तुम्ही पाहिलंय. 2024 च्या निवडणुकीआधी जातवार महामंडळांची रांगच लागली. प्रत्येक जातीला एक पाटी, एक खुर्ची. पाटीवर नाव आपल्या माणसाचं, शाई त्यांची.

बाबासाहेबांना हे कळत होतं. मुंबई कायदे कौन्सिलात ते स्वतः सरकारनियुक्त सभासद होते. तरी 1928 मध्ये सायमन कमिशनपुढं बहिष्कृत हितकारिणी सभेच्या निवेदनात त्यांनी नेमणुकीची पद्धत नको म्हणून सांगितलं, निवडून पाठवण्याचा हक्क मागितला. नेमलेला माणूस नेमणाऱ्याकडं बघतो, लोकांकडं बघत नाही. म्हणून महामंडळंच मोडा, सगळं बँकांवर सोडा, असं म्हणणाऱ्यांच्याही मागं जाऊ नका. 1947 च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' मध्ये मुख्य उद्योग, विमा, शेती राज्याच्या मालकीची करा अशी मागणी त्यांनीच केली. राज्याची मालकी मागायची तर ती चालवणार कोण, हेही मागावं लागतं.

आणि वेगळं करता येतं. ह्याच महाराष्ट्रात केलंय. 1969 चा माथाडी कायदा काढून वाचा. हमालांच्या मंडळावर मालकांचे जितके प्रतिनिधी तितकेच कामगारांचे, आणि सरकारचे एकूण सभासदांच्या एक तृतीयांशाहून जास्त नाहीत. अध्यक्ष मात्र सरकारी प्रतिनिधींमधलाच, आणि माणसं नेमतं सरकारच, तेवढी खोट आहे. पण पाठीवर पोतं घेणाऱ्याची जागा कायद्यात लिहिलेली आहे, ती कुणा मंत्र्याचा उपकार नाही. अण्णासाहेब पाटलांच्या मागं हमाल रस्त्यावर उतरले तेव्हा ते लिहिलं गेलं. मग महात्मा फुल्यांच्या नावाच्या महामंडळात कर्जदारांनी निवडलेले संचालक का नकोत? त्यांना ठरलेली मुदत का नको, कारण न देता काढता येणार नाही अशी? फेटाळलेल्या अर्जांची यादी कारणासकट जिल्हा कार्यालयाच्या भिंतीवर का नको?

मागण्या मोर्चात मांडूच. पण मोर्चाआधी कागद हातात पाहिजे. माहिती अधिकार कायदा, 2005, कलम 4. प्रत्येक सरकारी संस्थेनं आपल्या मंडळांची, समित्यांची माहिती स्वतःहून जाहीर करायची, आणि त्यांच्या बैठका लोकांना खुल्या आहेत का, इतिवृत्त बघायला मिळतं का, हेही सांगायचं. कायदा आहे, पोरांनो. वापरा.

अर्जाचा नमुना तिकडं चहाच्या टेबलावर ठेवलाय. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो, उत्तराला तीस दिवस. पाचच गोष्टी विचारायच्या: तीन वर्षांत बैठका किती आणि कोणत्या तारखांना, प्रत्येक बैठकीला हजर कोण, इतिवृत्ताच्या प्रती, फिरते ठराव किती, आणि लेखापरीक्षण झालेला शेवटचा हिशेब कोणत्या सालचा. एका जिल्ह्यातून एक तरी अर्ज गेला पाहिजे. उत्तर आलं तर घेऊन या, नाही आलं तर पहिलं अपील कसं लिहायचं ते पुढच्या रविवारी इथंच बसून लिहू.