बोल्ट तुटण्याआधी आणि तुटल्यावर

माझी सगळी नोकरी लष्कराच्या ईएमईत गेली, म्हणजे रणगाड्यापासून रेडिओपर्यंत सगळी यंत्रं दुरुस्त करणाऱ्या शाखेत. आज एका अगदी छोट्या गोष्टीवर बोलायचं आहे. तुटलेला बोल्ट.

एप्रिल १९८४ मध्ये ऑपरेशन मेघदूत झालं, तेव्हापासून आपले जवान सियाचीनवर आहेत. तिथे स्नो स्कूटर रेशन ओढते, रॉकेल ओढते आणि वेळ आली तर मागच्या स्लेजवर आजारी जवानालाही आणते. ती बंद पडली की तेवढं वजन माणसांनी ओढायचं, तेही विरळ हवेत. म्हणून तिथे आठ मिलिमीटरचा बोल्टसुद्धा किरकोळ नसतो.

बोल्ट अडकतो का? इंजिनाचं अंग अॅल्युमिनियमचं, बोल्ट पोलादाचा. दोन वेगळे धातू एकत्र आले आणि मध्ये ओल शिरली की गंज लवकर धरतो, आटे जाम होतात. सायलेन्सरजवळचे बोल्ट रोज तापतात, रोज गारठतात. शिवाय आट्यांत शिरलेलं पाणी गोठलं की सुमारे ९ टक्के फुगतं.

आता मुख्य मुद्दा. बोल्ट बहुतेक वेळा सांगून तुटतो. नीट सुटणारा बोल्ट ‘कट्’ असा आवाज करून हलतो. तुटणारा बोल्ट मऊ लागतो. पाना फिरतो, पण सुटल्यासारखं वाटत नाही, रबर पिळल्यासारखं वाटतं. तिथेच हात थांबवायचा. थोडं उलट, म्हणजे आवळायच्या दिशेने फिरवायचं, गंज सोडवणारं तेल घालायचं, डोक्यावर हातोडीने हलके ठोके द्यायचे आणि वाट पाहायची. थंडीत तेल घट्ट होतं, म्हणून गाडी आधी शेडमध्ये घ्यायची.

तरीही तुटला तर? तुकडा वर डोकावत असेल तर आधी पकड पाना लावा. वेल्डिंगची सोय असेल तर त्यावर नट वेल्ड करा, पण आधी बॅटरी सोडवा. उष्णता द्यायची ती बोल्टला नाही, भोवतालच्या अॅल्युमिनियमला. ते पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं, म्हणून पकड ढिली होते. पेट्रोलची टाकी आधी दूर, घातलेलं तेल पुसलेलं, आणि ज्योतीपेक्षा हीट गन बरी.

तुकडा आतच राहिला असेल तर बरोबर मध्यभागी पंच मारा. सगळं काम या एका खुणेवर अवलंबून आहे. ड्रिल बाजूला सरकलं तर ते मऊ अॅल्युमिनियम खातं आणि पोलाद तसंच राहतं. उलट्या दिशेचा ड्रिल बिट मिळाला तर उत्तम. कधी कधी भोक पाडतानाच तुकडा बाहेर येतो. एक्स्ट्रॅक्टर शेवटी वापरा, आणि त्याच्यावर जोर करू नका. तो कडक पोलादाचा असतो. तो आत तुटला तर साधं ड्रिल त्याला कापत नाही, आणि एका बोल्टचं काम अख्ख्या सिलिंडरचं होतं. आटे गेले असतील तर भोक मोठं करून तारेचे आटे बसवता येतात. बोल्ट पुन्हा त्याच मापाचा लागतो.

नवा बोल्ट लावताना आट्यांना अँटी-सीझ लावा. मात्र मग टॉर्क थोडा कमी ठेवा, कारण घर्षण कमी झालं की त्याच टॉर्कला बोल्ट जास्त ताणला जातो.

तुम्ही इंदूरला असाल, बडोद्याला किंवा बेळगावला. तिथे बर्फ नाही, पण स्कूटरच्या सायलेन्सरचा बोल्ट असाच तुटतो. मी माझ्या पोरांना एवढंच सांगायचो: पाना मऊ लागला की हात काढा, चहा घेऊन या, मग बघू. चहाला दहा मिनिटं जातात. तुटलेल्या बोल्टला दिवस जातो, आणि वर पोस्टवर तेवढा दिवस कुणीतरी वाट बघत असतं.

जय हिंद.