रंगमंचावरचे नानासाहेब

(गणेशोत्सवातील सांस्कृतिक कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी रेल्वेतला डिप्लोमावाला इंजिनिअर, सिग्नलचे काम करणारा. स्टेजवर बोलण्यापेक्षा स्टेजमागच्या वायरी जोडणे मला अधिक जमते. पण दरवर्षी बालनाट्य बसवतो, म्हणून नाटकाविषयीच चार शब्द बोलतो.

नानासाहेब पेशवे आपल्याला १८५७ च्या स्वातंत्र्यसमराचे सेनानी म्हणून ठाऊक आहेत. त्याच सुमारास सातासमुद्रापलीकडे मात्र ते खलनायक होऊन रंगमंचावर उभे होते. फेब्रुवारी १८५८ मध्ये न्यूयॉर्कच्या वॉलॅक्स थिएटरात डायन बूसिको या आयरिश नाटककाराचे 'जेसी ब्राउन' हे नाटक लागले. लखनौच्या रेसिडेन्सीला वेढा पडला आहे, सर्वांनी आशा सोडली आहे, आणि जेसी या स्कॉटिश मुलीला दुरून आपल्या फौजेच्या बॅगपाइपचे सूर ऐकू येतात, असा प्रसंग. वेढा घालणारा दुष्ट कोण? तर नानासाहेब! ते एका गोऱ्या बाईला जनानखान्यात ओढू पाहतात. वास्तविक नानासाहेबांची आघाडी कानपूरची. लखनौच्या वेढ्याचे नेतृत्व त्यांनी केलेच नव्हते. प्रेक्षक चिडून मारतील या भीतीने ही भूमिका करायला नट मिळेना, म्हणून बूसिकोने ती स्वतःच केली, असे सांगतात.

लंडनला ॲस्टलीच्या रिंगणात तर खरे घोडे दौडवून लढाया दाखवीत. १८५७ साल सरण्यापूर्वीच दिल्ली जिंकल्याचा खेळ तेथे लागला होता. कानपूरला इंग्रज बायकामुलांची कत्तल झाली, हे आपणही नाकारू नये. पण धूर, तोफा आणि टाळ्या यांच्या गदारोळात, हिंदी माणूस का उठला, हे विचारायला तिकीट काढून आलेल्याला सवड कुठली?

त्याच वर्षी, १० डिसेंबरला, आपल्या शेजारच्या रायपुरात सोनाखानचे जमीनदार वीर नारायणसिंह यांना मृत्युदंड दिला गेला. १८५६ च्या दुष्काळात व्यापाऱ्याच्या कोठारातले धान्य त्यांनी भुकेल्यांना वाटले होते. असा माणूस त्या तमाशात बसणारा नव्हता.

पुढे आपल्या रंगभूमीने उत्तर दिले. कृ. प्र. खाडिलकरांचे 'कीचकवध' १९०७ साली आले. लोकांना कीचकात लॉर्ड कर्झन दिसला आणि १९१० मध्ये सरकारने नाटकावर बंदी घातली.

हे सगळे वाचताना इंग्रजांचा राग आला. मग माझाच कान मला धरावा लागला.

बालनाट्यात राक्षस हवा, म्हणून एका छत्तीसगढी सहकाऱ्याच्या मुलाला मी बोलावले. रंगाने सावळा, आवाज खणखणीत. तरी वर काजळ फासले. सलग तीन वर्षे राक्षस तोच! गेल्या वर्षी मेकअप पुसता पुसता त्याने विचारले, "अंकल, मैं राम कब बनूँगा?" मला उत्तर सुचले नाही. सिग्नलच्या रंगाला ठरलेला अर्थ असतो, नव्हे, असावाच लागतो. माणसाच्या रंगाला तो मी चिकटवला होता.

त्याचे वडील दरवर्षी मांडवाचे बांबू उभारायला आपल्याबरोबर असतात. ते मला काही बोलले नाहीत, याचेच अधिक वाईट वाटते.

यंदा आपण वीर नारायणसिंहांवर छोटी नाटिका बसवली आहे. नारायणसिंहांची भूमिका तोच मुलगा करतो आहे. त्यांना पकडणारा साहेब माझा मुलगा होणार. त्याच्या तोंडाला पांढरा रंग फासायचा नाही आणि त्याला राक्षसी हसायलाही लावायचे नाही, असे ठरवले आहे. साहेबाची बाजू साहेबाने सरळ मांडावी. बरोबर काय नि चूक काय, ते मुले ओळखतील.

आता पडदा उघडायची वेळ झाली. वायरी जोडायला मला आत गेले पाहिजे. सर्वांनी शेवटपर्यंत बसावे, ही विनंती.

गणपती बाप्पा मोरया!