फलकावरचं अंगण



साहित्य संमेलनाच्या अध्यक्षानं साहित्याच्या भवितव्याबद्दल चिंता व्यक्त करावी, असा रिवाज आहे. तो मोडून मी जाहिरातींबद्दल बोलणार आहे. वर्षानुवर्षं पुस्तक न उघडणारा माणूसही जाहिरात वाचतो.

पेणकडून इकडे रोह्याला येताना प्लॉटचे फलक तुम्हीही पाहता. ऐवज ठरलेला असतो: कौलारू घर, तुळशीवृंदावन, झोपाळा, नऊवारीतली आजी आणि तिच्याकडे धावणारा नातू. खाली ‘मुंबईपासून फक्त दोन तास’. पळस्पे ते इंदापूर रस्त्याचं चौपदरीकरण 2011 पासून सोसणाऱ्यांनी त्या दोन तासांवर खुशाल हसावं. मला मात्र त्या आजीनं गुंतवलंय. फलक बघून हळवं होणाऱ्या कित्येकांची आजी रायगडात कधी राहिलेलीच नसते, तरी त्यांना वाटतं, आपलं काहीतरी इथं राहून गेलंय आणि ते परत मिळवायला हवं. न जगलेली आठवण आधी मनात पेरायची आणि मग ती गुंठ्याच्या भावानं विकायची, हे कसब आहे. कादंबरीकारालाही हेवा वाटावा असं.

त्या चित्रात काय नाही, तेही पाहा. धाटावच्या रासायनिक कारखान्यांचं धुराडं नाही. चिखलात वाकून भात लावणारी बाई नाही. खारेपाटातला आगरी शेतकरी नाही, कातकरीवाडी तर नाहीच. गावचा माणूस दिसलाच, तर फाटक उघडणारा रखवालदार म्हणून. गाव हवं, गावकरी नको.

शहराच्या आठवणींचंही असंच होतं. मोती साबणाच्या जाहिरातीत विद्याधर करमरकरांचे आजोबा दिवाळीच्या पहाटे चाळीतली दारं ठोठावत जातात. जाहिरात झकास, मलाही आवडते. पण तिच्यात नळावरची भांडणं नाहीत, सामाईक संडासापुढची रांग नाही आणि 1982 च्या संपानंतर गावी परतलेला कोकणी गिरणी कामगार नाही. तीस सेकंदांत संप कसा दाखवणार, असं कुणी विचारील. बरोबर आहे. म्हणूनच गोष्ट सांगण्याचं काम सगळं जाहिरातीवर सोडता येत नाही.

प्लॉटच्या फलकांबाबत कायदा थोडाच उपयोगी पडतो. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारांसाठीच्या रेरा कायद्याच्या 12 व्या कलमानुसार जाहिरातीतल्या खोट्या माहितीवर विसंबून पैसे भरलेल्या ग्राहकाला भरपाई मागता येते. रस्ता, पाणी, क्षेत्रफळ यांचा पडताळा घेता येतो. आजीचा पडताळा कुठल्या प्राधिकरणाकडे मागायचा?

आणि हा सगळा दोष कॉपीरायटरच्या माथी मारू नये. ते अंगण, ती माया, ते माजघर आपल्याच ललित लेखनातून त्याच्याकडे गेलंय. श्री. ना. पेंडशांच्या ‘गारंबीचा बापू’मध्ये (1952) गाव माणसाला कसं छळतं, तेही आहे, फलकवाल्याला त्यातली फक्त पोफळीची बाग पुरते. पेंडशांनंतर आपल्यातल्या अनेकांनी नुसती बागच लिहिली. दिवाळी अंकांना ती आवडते, हेही खरं.

याच जिल्ह्यात वेगळं घडलेलं आहे. सप्टेंबर 2008 मध्ये हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या पेण तालुक्यातील 22 गावांतल्या शेतकऱ्यांनी आपल्या जमिनी मागणाऱ्या महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्राबाबत (सेझ) मतदान केलं. आपल्या जमिनीबद्दल त्या दिवशी ते स्वतः बोलले. त्यावर मराठीत एखादी दमदार कादंबरी यायला हवी.

म्हणून इथल्या तरुण लेखकांना एक विनंती. कौलारू घर जरूर लिहा, पण ती कौलं दर पावसाळ्याआधी चाळतो कोण, त्याला मजुरी काय मिळते आणि ती जमीन सातबाऱ्यावर आज कुणाच्या नावावर आहे, तेही लिहा. संयोजकांनी पुढच्या संमेलनात अशा लेखनाला एक पूर्ण सत्र द्यावं. त्यासाठी अध्यक्षीय भाषणाची वेळ कमी केली, तरी हरकत नाही.