आधी वाट मोकळी करा



मी डॉक्टर नव्हे. आजारी कामगारांबरोबर दवाखान्यांचे उंबरठे झिजवताना जे विचारले आणि रात्री वाचून जे उमगले, तेवढेच आपल्यापुढे मांडणार आहे.

काही वर्षांपूर्वी सणसवाडीतील आमचा एक कामगार डोळे पिवळे झाले असतानाही पाळीवर येत होता. थंडी वाजून ताप येई, उजव्या बरगडीखाली कळ उठे. घरच्यांनी काविळीचा झाडपाला दिला. एका दवाखान्यात रोज इंजेक्शन चालू होते. ताप उतरे आणि पुन्हा चढे. “इंजेक्शन चालू आहे, मग काळजी कसली?” असे मीही म्हणालो. ती माझी चूक होती.

१९५४ साली पिंपरीस प्रतिजैविकांचा सरकारी कारखाना स्थापन झाला. अशा औषधांनी असंख्य जीव वाचविले. पण सुईने सर्व काही भागते, असा समजही आपण करून घेतला.

आपले यकृत दिवसाकाठी सुमारे अर्धा ते एक लिटर पित्त तयार करते. रक्तातील औषध यकृताच्या पेशी उचलतात व पित्तात सोडतात. सेफ्ट्रायाक्सोन पित्तात पुष्कळ उतरते, जेंटामायसिन त्या मानाने थोडे. परंतु नलिकेत खडा अडकला की पित्त तुंबते, दाब वाढतो आणि एरवी उतरणारे औषधही तेथे फारसे पोहोचत नाही. पाट मध्येच बुजला, तर शेवटचा वाफा कोरडाच राहावयाचा! उलट, दाबामुळे तुंबलेल्या पित्तातील जंतू रक्तात शिरतात.

मग औषध व्यर्थ काय? मुळीच नाही. रक्तातील जंतूंना तेच आवरते. म्हणून ते ताबडतोब सुरू झाले पाहिजे. मात्र त्याच्या जोडीला वाट मोकळी झाली पाहिजे. पोट न फाडता, तोंडावाटे दुर्बीण घालून नलिकेचे मुख उघडण्याची युक्ती १९७४ पासून उपलब्ध आहे. पुण्यास आमच्या माणसाचा खडा असाच निघाला, आणि तो वाचला.

ताप, कावीळ आणि ही कळ या त्रयीकडे फ्रेंच वैद्य शार्को यांनी १८७७ सालीच बोट दाखविले होते. तिन्ही एकत्र दिसली, तर त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठा.

तो कामगार थांबला होता तो मजुरी बुडेल म्हणून. कामगार विम्यात पात्र माणसाला आजारपणात मजुरीचा काही भाग मिळतो, हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते. ते सांगणे आमचे काम होते. आज ते आपल्यापुढे करून मी आपली रजा घेतो.