गुरुऋणाची परतफेड

(शिक्षक दिनानिमित्त शिक्षक, अधिकारी व पंचायत सदस्य यांच्या मेळाव्यात दिलेले भाषण)



१९२१ साली म्हैसूरच्या रेल्वे स्थानकाकडे फुलांनी शृंगारलेली एक गाडी निघाली होती. तिला घोडे जुंपलेले नव्हते. महाविद्यालयातील विद्यार्थीच ती ओढीत होते. आत बसले होते त्यांचे तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक, सर्वपल्ली राधाकृष्णन. कलकत्ता विद्यापीठात अध्यापन करण्यासाठी ते म्हैसूर सोडून चालले होते. एका शिक्षकाला याहून मोठा मान तो कोणता मिळावयाचा?

पुढे ४१ वर्षांनी, १९६२ साली, हेच प्राध्यापक भारताचे राष्ट्रपती झाले. ५ सप्टेंबर हा त्यांचा जन्मदिवस साजरा करण्याची इच्छा विद्यार्थ्यांनी व चाहत्यांनी व्यक्त केली. तेव्हा, आपला जन्मदिवस साजरा करण्याऐवजी तो दिवस सर्व शिक्षकांचा म्हणून पाळला जावा, असे त्यांनी सुचविले. आजचा दिवस आपण पाळतो तो त्या सूचनेमुळे. स्वतःच्या गळ्यात पडणारा हार त्यांनी खेड्यापाड्यांतील अनाम शिक्षकांकडे वळविला. म्हणजे शिक्षक दिनाचा उगमच मुळी एका शिक्षकाने कृतज्ञतेला दिलेल्या उत्तरात आहे.

आजच्या दिवशी शिक्षकांच्या त्यागाविषयी पुष्कळ बोलले जाते. परंतु विद्यार्थी आणि समाज कृतज्ञतेने समोर येतात तेव्हा खरा शिक्षक काय करतो, याचा विचार सहसा होत नाही. वस्तुतः शिक्षकाची पारख तेथेही होते. आपण विद्यार्थ्याला घडविले म्हणून त्याच्यावर हक्क सांगणारा शिक्षक दिलेले दान परत मागत असतो. उलट, आपण काहीच केले नाही, असे म्हणून कृतज्ञता झिडकारणारा शिक्षक समोरच्याचे मन दुखावतो. थोर शिक्षक या दोहोंपैकी काहीच करीत नाही. तो कृतज्ञता आदराने स्वीकारतो आणि तिचे तोंड पुढच्या मुलाकडे वळवून देतो.

वडाच्या पारंब्या

कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली कऱ्हाडजवळील काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. १९२४ साली साताऱ्यात त्यांनी वसतिगृह सुरू केले. निरनिराळ्या जातिधर्मांची मुले तेथे एकत्र राहात, एकत्र स्वयंपाक करीत आणि एका पंक्तीला जेवीत. त्या काळी ही गोष्ट सोपी नव्हती, आणि या मुलांना रोज दोन वेळ जेवू घालणे त्याहून सोपे नव्हते. वसतिगृहातील धान्य संपले, तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी आपले दागिने, अखेर मंगळसूत्रदेखील, मुलांच्या अन्नासाठी दिले. १९३० साली त्यांचे निधन झाले. संस्थेचा पुढील विस्तार पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.

अशा माउलीचे ऋण कसे फेडावे? मंगळसूत्राची किंमत मोजून ते फिटणारे नव्हते. भाऊरावांनी आपल्या मुलांना दुसरा मार्ग दाखविला. ‘कमवा आणि शिका’ या मार्गाने स्वतः शिकावे आणि शिकल्यावर दुसऱ्याला शिकवावे. वडाचा वृक्ष हे संस्थेचे बोधचिन्ह आहे. वडाची पारंबी जमिनीला टेकली की तिथे रुजते आणि कालांतराने स्वतःच खोड होऊन वृक्षाचा भार पेलते. संस्थेत शिकलेली कितीतरी मुले अशीच त्याच संस्थेत शिक्षक म्हणून परतली. साताऱ्याच्या वसतिगृहात वाढलेले पी. जी. पाटील बॅरिस्टर झाले. पण त्यांनी आपले आयुष्य संस्थेच्या महाविद्यालयीन अध्यापनाला दिले आणि पुढे ते शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले.

भाऊरावांचे स्वतःचे ऋण फेडणेही असेच होते. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींनी या वसतिगृहास भेट दिली होती. १९४८ साली गांधीजींची हत्या झाली, तेव्हा त्यांच्या नावाने १०१ माध्यमिक शाळा काढण्याचा संकल्प भाऊरावांनी सोडला. कृतज्ञता व्यक्त करण्यासाठी त्यांना शाळा काढणे हीच एक भाषा ठाऊक होती.

शाळा कुरणात जाते

दुसरे उदाहरण ठाणे जिल्ह्यातील, आताच्या पालघर जिल्ह्यातील, डहाणू तालुक्याचे आहे. १९४५ साली बोरिवली येथे ग्रामसेविकांचे एक शिबिर भरले होते. तेथे पुण्यात शिक्षिका असलेल्या अनुताई वाघ यांची गाठ बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक यांच्याशी पडली. अनुताई बालविधवा होत्या. स्वतःच्या शिक्षणासाठी त्यांना फार झगडावे लागले होते. ताराबाईंनी खेड्यातील बालशिक्षणासाठी साथ मागितली आणि अनुताई शहरातील स्थिर नोकरी सोडून बोर्डीला गेल्या. पुढे १९५६ च्या सुमारास हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले.

वारली मुले शाळेत येत नव्हती. त्यांना शिक्षणाची गोडी नाही, असे म्हणून मोकळे होणे सोपे होते. या दोघींनी कारण शोधले. दिवसा मुले गुरे राखीत आणि लहान भावंडे सांभाळीत. मग शाळाच मुलांकडे गेली. जेथे गुरे चरत, तेथे कुरणशाळा भरू लागली. लहानग्यांसाठी वस्तीतल्या अंगणात अंगणवाडी सुरू झाली. महागड्या शैक्षणिक साधनांऐवजी शिंपले, बिया, खडे आणि पाने यांनी मुले मोजू लागली, ओळखू लागली. पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, तेव्हा तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळाले.

१९७३ साली ताराबाई निवर्तल्या. अनुताईंनी त्यानंतर जवळजवळ दोन दशके, १९९२ साली आपल्या निधनापर्यंत, कोसबाडचे काम पुढे नेले. १९८५ साली त्यांना पद्मश्री मिळाली. परंतु ताराबाईंविषयीची त्यांची कृतज्ञता पाहावयाची असेल तर ती त्या टेकडीवरच्या मुलांत पाहावी लागते. गुरूच्या पश्चात वर्ग रोज वेळेवर भरविणे, ही त्यांची गुरुदक्षिणा होती.

एक पत्र आणि एक उत्तर

ही रीत केवळ आपल्याकडचीच आहे असे नव्हे. उत्तर आफ्रिकेतील अल्जीयर्स शहराच्या एका गरीब वस्तीत आल्बेर काम्यू नावाचा मुलगा वाढत होता. वडील पहिल्या महायुद्धात कामी आले होते. आई धुणीभांडी करून घर चालवीत होती. मुलाने लवकर कमाईला लागावे, असे आजीचे म्हणणे होते. प्राथमिक शाळेतील शिक्षक लुई जेर्मँ घरी गेले, आजीची समजूत घातली आणि मोबदला न घेता जादा शिकवून त्याला शिष्यवृत्तीच्या परीक्षेस बसविले. १९२४ साली त्या मुलाला माध्यमिक शाळेचा दरवाजा उघडा झाला. १९५७ साली त्याला साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्या वेळी आईच्या पाठोपाठ त्याला आठवण झाली ती या शिक्षकांची. त्याने त्यांना आभाराचे पत्र लिहिले आणि पारितोषिकाच्या निमित्ताने केलेली भाषणे त्यांनाच अर्पण केली.

जेर्मँ यांनी १९५९ साली आपल्या या विद्यार्थ्याला एक दीर्घ पत्र लिहिले. जगप्रसिद्ध झालेला काम्यू त्यांच्या लेखी अजूनही वर्गातला तोच लहान मुलगा होता. कीर्तीने तो बिघडला नाही, याचे त्यांना समाधान होते. त्याच पत्रात त्यांनी आपल्या पेशाचे सूत्रही सांगितले. प्रत्येक मुलाला स्वतःचे सत्य स्वतः शोधण्याचा अधिकार आहे आणि आपण आयुष्यभर तो जपला, असा त्याचा आशय होता. आभाराच्या क्षणीही या वृद्ध शिक्षकाला चिंता होती ती शाळांची आणि आता तेथे शिकणाऱ्या मुलांची.

अलीकडचे उदाहरण आपल्याच राज्यातील आहे. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडी येथील जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना डिसेंबर २०२० मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार जाहीर झाला. पुरस्काराची रक्कम दहा लाख अमेरिकी डॉलर होती. तिच्यातील निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून देण्याचे तेथेच जाहीर केले. मिळालेला मान एकट्याने ठेवावयाचा नसतो, हीच त्यामागील भावना.

समाजाची कसोटी

येथवर शिक्षकांविषयी बोलणे झाले. आता समाजाकडे पाहावयास हवे. आज ठिकठिकाणी शाल आणि श्रीफळ देऊन शिक्षकांचे सत्कार होतील. ते अवश्य व्हावेत. परंतु दुसऱ्या दिवशी त्याच शिक्षकाला गळक्या छपराखाली वर्ग घ्यावा लागत असेल, तर त्या शालीची ऊब किती टिकणार? लक्ष्मीबाईंच्या मंगळसूत्राची कथा डोळ्यांत पाणी आणते. पण तिच्यापासून घ्यावयाचा धडा, शिक्षकाने असाच त्याग करीत राहावे, हा नव्हे. तशी वेळ पुन्हा कोणा शिक्षकावर येऊ नये, हा खरा धडा आहे. त्यागाचे गोडवे गाणे आणि साधनांकडे दुर्लक्ष करणे ही कृतज्ञता नसून तिची थट्टा आहे.

यासाठी कायद्याचा आधारही उपलब्ध आहे. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काचा २००९ चा अधिनियम १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका यांखेरीज शिक्षकांना अशैक्षणिक कामास लावू नये, असे तो सांगतो. अधिकाऱ्यांनी ही मर्यादा कसोशीने पाळली, तर शिक्षकाला सर्वांत मोलाची भेट मिळेल, ती म्हणजे वर्गातला वेळ. त्याच अधिनियमानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात. ही समिती सहीपुरती राहिली तर शिक्षक एकटा पडतो. ती जागी असेल तर त्याला गावाचे बळ मिळते.

मराठवाड्यातील अनेक गावांतून दिवाळीच्या आसपास ऊसतोडणीसाठी कुटुंबे बाहेर पडतात. मुलांना गावीच ठेवावे म्हणून शिक्षक घरोघर विनवण्या करीत फिरतात. अशा वेळी सरपंच आणि सदस्य त्या शिक्षकाबरोबर दोन उंबरे चढले आणि मुलांच्या मुक्कामाची, जेवणाची सोय गावात झाली, तर एखादे मूल शाळेत टिकेल. त्या शिक्षकाला याहून मोठा सत्कार दुसरा नाही.

एस. टी. स्थानकावर एखादा मोठा झालेला विद्यार्थी आपल्या वृद्ध गुरुजींच्या पायांवर डोके ठेवतो. गुरुजी त्याला उठवितात, क्षणभर निरखून पाहतात, नाव आठवतात आणि विचारतात, “तुझी मुलं शाळेत जातात ना रे?” आभाराला दिलेले हे उत्तर साधे आहे; पण त्यात शिक्षकाचे सारे आयुष्य सामावलेले असते. मागच्या मुलाने केलेला नमस्कार त्यांनी पुढच्या मुलाच्या नावे जमा केलेला असतो.

आजच्या दिवशी गावागावांतून त्या प्रश्नाला होकार देता यावा, आणि तो होकार केवळ शिक्षकाच्या कष्टांतून नव्हे, तर सर्वांच्या सहकार्यातून यावा. गुरुऋणाची खरी परतफेड तीच होय.