खाडीमुखावरचा उतार
(वार्षिक संमेलनातील भाषण)



विद्यार्थ्यांचा गुणगौरव चालू असता होडी पाण्यात लोटण्याच्या उताराविषयी काय बोलावयाचे, असे काहींस वाटेल. परंतु आपल्यापैकी अनेक घरांची चूल ह्याच उतारावर अवलंबून आहे.

वाशिष्ठी नदी दाभोळपाशी समुद्रास मिळते. उत्तर तीरावर दाभोळ. दक्षिणेस धोपावे, अंजनवेल व गोपाळगड. १५०८ साली पोर्तुगीजांनी उद्ध्वस्त केलेल्या ह्या बंदराचे वैभव आपण पुष्कळ ऐकले आहे. २००३ मध्ये वाहने नेणारी फेरीबोट सुरू झाली व मोठा वळसा वाचला, हेही खरे. तथापि लहान होडीवाल्यास ह्या दोहोंपेक्षा काठावरचा दगडी उतारच अधिक मोलाचा.

तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची अदमासे वेळ मिळते, हा आपल्या आज्यांचा हिशेब. एकादशीस सव्वाआठ, अष्टमीस सहा. बंदरागणिक थोडे मागेपुढे होते. म्हणून छापील कोष्टकही पाहावे. अष्टमीच्या भांगाला पाणी फारसे चढत-उतरत नाही. पण पुनवेच्या वा अवसेच्या उधाणाला ओहोटी इतकी खोल जाते की उताराचा पाय उघडा पडून पुढे नुसता चिखल उरतो. अशा वेळी परतलेल्याने भरतीची वाट पाहत खाडीत थांबावे, हेच शहाणपण.

खरा धोका मुखावर आहे. उताराशी पाणी तेलासारखे शांत असते, आणि तेथेच तरुण फसतात. ओहोटीचा लोंढा बाहेर निघतो, समुद्राची लाट आत येते. दोहोंची गाठ उथळ वाळूवर पडली की लाट भिंतीसारखी उभी राहते. वाशिष्ठीत तर कोयनेच्या वीजगृहांतून सुटलेले पाणीही येऊन मिळते. भरती संपता संपता, पाणी स्तब्ध असता मुख ओलांडावे, आणि जीवरक्षक जाकीट होडीत नव्हे, अंगावर असावे. पोहता येते म्हणून ते नको, हा युक्तिवाद आम्हांस मुळीच मान्य नाही.

आता थोडे कटू. उतारावर जाळी पसरून बसणे, यंत्राची दुरुस्ती तेथेच मांडणे, आणि सुटीच्या दिवशी परगावचा कोणी होडके घेऊन आला की ‘हा आमच्या आळीचा धक्का’ म्हणून त्यास हाकलणे, हे आपल्याच मंडळींकडून घडते. धक्का सरकारी पैशाने, म्हणजे सर्वांच्या पैशाने बांधलेला आहे. तयारी वर करावी, उतारावर केवळ होडी लोटावी व बाजूस व्हावे. पाहुण्यानेही तेच करावे. त्यास हे गोडीने सांगता येते.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. त्यापूर्वी, होड्या शाकारण्याच्या आधी, मे महिन्यातील अमावास्येस उताराचे शेवाळ खरवडावे, अशी आमची सूचना आहे. त्या पहाटे पाच-सहाच्या सुमारास उतार तळापर्यंत कोरडा होतो. खराटे व खोरी ज्याने त्याने घरून आणावीत.